प्रश्न पाचवा, ब

घंटा झाली. फैजपूरच्या शाळेच्या फाटकातून
आम्ही बाहेर पडलो,
ऊन पर्यवेक्षकासारखं डोक्यावर उभं.
गोळ्याच्या गाडीपाशी सगळ्यांचा एकच प्रश्न:
निबंधात काय लिह्यलं?

पर्याय नव्हताच. 'अ मेमोरेबल जर्नी'.
बारा ओळी, सहा गुण.

हेमलतानं महाबळेश्वर लिहिलं. मीही.
दीपाली झोपेनंही, आणि तिच्या मागच्या दोघींनीही.
गाईडच्या पान एकशे चौदावरून
आम्ही पाच जणी एकाच बसनं,
एकाच खिडकीशी बसून
एकाच धुक्यात शिरलो,
स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या, 'कूल ब्रीझ' घेतली,
संध्याकाळी 'टायर्ड बट हॅपी' घरी आलो.
भुसावळच्या पुढं आमच्यातली एकही गेली नव्हती.
धुकं म्हणजे मला वाटायचं,
चुलीत ओल्या पऱ्हाट्या कोंबल्यावर होतं ते.

खेमराज वायकोळे बराच वेळ गोळा चोखत गप्प होता.
मग म्हणाला, "जर्नी म्हंजे जर्सी नाही का भो?"

त्यानं गाय लिहिली होती. पाठच होती.
जर्नी इज अ युजफुल ॲनिमल.
जर्नी हॅज फोर लेग्ज अँड वन टेल.
हेमलता हसता हसता रस्त्यातच बसली,
गोळ्याचं लाल पाणी तिच्या ओढणीवर.
"अन् मेमोरेबल कशी रे?"
"होतीच ना," खेमराज म्हणाला,
"मेली तं बाबा दोन दिस जेवले नाही."
आम्ही तेव्हाही हसलो.
हसू एकदा सुटलं की ते काय ऐकतं?

रेहाना तडवीनं प्रश्न सोडूनच दिला होता.
"आठवायला बसले तं
जळगावच्या सिव्हिलला गेलो तेच आठवे.
ते कोणाले तपासाले द्यायचं?"

सायसिंग लिंबाला टेकून उभा,
आश्रमशाळेचा, डोंगरकठोऱ्याच्या वरच्या पाड्यावरचा.
आईबाप दिवाळीपासून गुजरातेत, उसाच्या फडावर;
हा पेपरांसाठी एकटा मागं राहिलेला.
त्यानं दोनच वाक्यं लिहिली होती.
वुई गो. वुई कम.
मग पेन थांबलं, म्हणाला,
कारण एक गोष्ट कळेना:
"जर्नीत परत येणं धरतात का?
का फक्त जाणं?"

गोळेवाला बर्फ किसत राहिला.
आमच्यात सगळ्यात हुशार दीपाली,
तीही पॅडच्या क्लिपशी खेळत बसली.
गाईडमध्ये 'रिटर्न' शेवटच्या ओळीत होतं,
पण तो विचारत होता ते हे नव्हतं,
एवढं आम्हाला कळलं.

काळी-पिवळीत आम्ही सतरा जण.
मोर नदी कोरडी, दगड तापलेले.
मी हिंगोण्यापर्यंत कुणाशी बोलले नाही.
मला उगाच आठवत होतं:
नऊ वर्षांची मी, रात्री, केळीच्या ट्रॉलीवर,
घडांवर वाळली पानं, पानांवर मी,
बापाच्या खांद्याला चिकाचे काळे डाग,
सावदा स्टेशनात वॅगन भरायच्या होत्या.
ट्रॉली खड्ड्यात गेली की सगळे घड एकदम श्वास सोडत.
वर इतक्या चांदण्या, की मी मोजणं सोडून दिलं
आणि बापानं फाटक्या गोणपाटात माझे पाय गुंडाळले.
हे मी का नाही लिहिलं?
घडाला इंग्रजीत काय म्हणतात, माहीत नव्हतं.
खरं म्हणजे तेही नाही.
सहा गुणांत हे बसेल असं वाटलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला.
महाबळेश्वरवाल्या सगळ्या पास.
खेमराज पस्तीसवर, कोणत्या पुण्याईनं, देव जाणे;
त्यानं पेढे वाटले, गाईच्या नावानं.

सायसिंग शेवटच्या पेपरच्या रात्रीच
बारडोलीकडे निघून गेला होता.
दाखला घ्यायला मी गेले तेव्हा
त्याची गुणपत्रिका कारकुनाच्या कपाटात होती,
वरून तिसरी.
"हा येणारे का?" कारकुनानं मला विचारलं.
मी म्हणाले, येईल.
त्यानं कपाट लावलं, किल्ली
जानव्याला अडकवली,
आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.